शिडाचं जहाज आणि तांदळातलं नाव

एक वेळ माणसाच्या हातात कोयता द्यावा, पण माइक देऊ नये. हे माझं मत अनुभवाने बनलेलं आहे, आणि ते कोणत्या तारखेला बनलं हेही मी सांगू शकतो. पस्तीस वर्षं ग्रामसेवकी केलेल्या माणसाला तारखेशिवाय बोलता येत नाही. तर, तीस एप्रिल. स्थळ, काशीदच्या अलीकडच्या आमच्या गावातल्या हायस्कूलचं पटांगण. प्रसंग, माझी बायको पद्मा खांबेटे, विषय भूगोल, हिचा सेवानिवृत्ती समारंभ.

कार्यक्रम चांगला चालला होता. शाल झाली, श्रीफळ झालं. (आमच्या वाडीत ऐंशी माड आहेत, तरी लोक आम्हाला नारळच देतात.) शाळेने तिला पृथ्वीचा मोठा गोल भेट दिला. मग सूत्रसंचालन करणाऱ्या मास्तरांना विनोद सुचला. ते म्हणाले, बाईंनी तीस वर्षं मुलांना अख्खं जग दाखवलं, पण आमच्या भाऊंनी बाईंना अलिबागच्या पलीकडे काही दाखवलं नाही. लोक हसले. हसणाऱ्यांत ज्यांना मी रहिवासी दाखले अर्जाच्या दिवशीच काढून दिले होते, असे किमान बारा जण होते. मी मोजले.

मला दोन शब्द बोलायचे होते ते आभाराचे. पण अपमान झाला की माझे कान तापतात आणि कान तापले की तोंडावरचा ताबा जातो. आदल्या रात्री मी फोनवर एक व्हिडिओ पाहिला होता. त्यात एक गोरं म्हातारं जोडपं शिडाच्या पांढऱ्या जहाजावर पाय पसरून बसलं होतं, कप्तान जहाज हाकत होता आणि आचारी त्यांना कापलेलं अननस देत होता. तो व्हिडिओ डोळ्यांपुढे आला आणि मी माइकवरून जाहीर केलं की येत्या जानेवारीत मी पद्माला कॅरिबियन बेटांवर नेणार, शिडाच्या जहाजातून, कप्तान आणि आचाऱ्यासह, आठ दिवस. टाळ्या थांबेनात. मास्तरांचा चेहरा पडलेला मी डोळे भरून पाहिला.

रिक्षात पद्मा गोल मांडीवर घेऊन बसली होती. मला वाटलं, घरी गेल्यावर हजेरी घेईल. घरी गेल्यावर तिने चहा टाकला, कपाटातून जुना नकाशासंग्रह काढला, चष्मा लावला आणि शांतपणे विचारलं, "वाऱ्याच्या बाजूची बेटं, की वाऱ्याच्या आडोशाची?"

तिकडच्या बेटांचे असे दोन गट असतात हे मला ठाऊकच नव्हतं. मी म्हटलं, दोन्ही. तेव्हा ती हसली. चौतीस वर्षांच्या संसारात मी तिला पुष्कळ गोष्टी कबूल केल्या होत्या आणि तिने त्या कधी मनावर घेतल्या नव्हत्या. ही घेतली. ही बेटं ती दरवर्षी न बघता फळ्यावर काढायची, वरून खाली, एकामागून एक.

आमची मुलगी अनुया पुण्याला असते. ती आणि जावई अजेय म्हणाले, बाबा, बोललात ना, मग आता करूच. सहा जणांचं जहाज असतं, आम्ही दोघं, सासू-सासरे आणि तुम्ही दोघं. पैशांचं त्या दोघांनी आणि माझ्या ग्रॅच्युइटीने आपसात ठरवलं. तिकडच्या कंपनीने जानेवारीचा एक आठवडा आमच्यासाठी राखून ठेवला, अट एकच घातली. सहाही जणांचे पासपोर्ट नंबर एकतीस जुलैच्या आत पोचले पाहिजेत, नाही तर जहाज दुसऱ्यांना. एकतीस जुलै म्हणजे तीन महिने. मी म्हटलं, तीन महिन्यांत मी गावाची जनगणना करून दिली आहे.

बातमी गावभर झाली आणि सल्ले सुरू झाले. शेजारच्या गौरीवहिनींना पहिली चिंता जहाजावर लोटा असतो का याची. दुसरी, जानेवारीत अंगारकी आली तर आचाऱ्याला साबुदाण्याची खिचडी जमेल का. समोरचे डॉक्टर सुश्रुत होमिओपॅथ आहेत, त्यांनी समुद्र लागू नये म्हणून साबुदाण्याएवढ्या गोळ्यांच्या चार बाटल्या दिल्या आणि वर सांगितलं की घेताना कॉफी, कांदा, लसूण आणि काळजी चारही बंद. कोळीवाड्यातली नीराबाई आमच्या दारी मासळी विकायला येते. (आम्ही खात नाही. पद्मा गावाबाहेरच्या पाहुण्यांसाठी घेते. पाहुणे आठवड्यातून दोनदा येतात.) तिने टोपली उतरवली आणि विचारलं की तिकडे समुद्राला नारळ कधी देतात. मी म्हटलं, देत नसावेत. तर तिने मान हलवली आणि म्हणाली, मंग जपून.

तिचा नवरा हरेश्वर माझा शाळेपासूनचा सोबती. त्याची इंजिनाची बोट आहे, मुरुडहून पर्यटकांना किल्ला दाखवून आणतो. मी त्याला जहाजाचे फोटो दाखवले. त्याने ते बोटांनी मोठे करून शीड, डोलकाठी, दोऱ्या सगळं तपासलं आणि मग म्हणाला, "मासली धरायची न्हाय, माल न्यायचा न्हाय, मंग ते लोक बोट पान्यात घालतात कशाला?"

मी म्हटलं, मजेसाठी. त्याला उत्तर पटलं नाही आणि खरं सांगायचं तर मलाही पटवून देता आलं नाही.

कंपनीने आवडीनिवडीचा एक फॉर्म पाठवला होता, आठ पानी. मी आयुष्यात लोकांकडून फॉर्म भरून घेतले, त्यामुळे अपुरा फॉर्म ही गोष्ट मला सहन होत नाही. कोणतं मद्य आवडतं, या रकान्यात मी कोकम सरबत लिहिलं आणि कृती जोडली. कोणतं संगीत, तर पहाटे भूपाळी. पोहता येतं का, यापुढे 'विहिरीत' असं लिहिलं. आणखी काही सूचना, या रकान्यात पद्माच्या चतुर्थ्या, एकादश्या, माझं ॲसिडिटीचं पथ्य आणि अजेयच्या सासऱ्यांना, म्हणजे ते तर मलाच झालं... असो, अजेयच्या वडिलांना मूतखडा आहे, हे सविस्तर लिहून पुरवणी जोडली. शिवाय पूजेसाठी घरचे दहा नारळ आणू का, असं विचारलं. त्यांचं उत्तर आलं की बेटांवर नारळ विपुल आहेत. विपुल असतील, पण त्यांना शेंडी ठेवून सोलतात का, हे त्यांनी सांगितलं नाही.

इथवर सगळं सुरळीत होतं. मग मी पासपोर्टच्या कामाला हात घातला.

माझा पासपोर्ट होता. निवृत्तीच्या आधी आमच्या संघटनेची सिंगापूर सहल ठरली होती, बायकांना सोडून. ती रद्द झाली आणि पासपोर्ट कपाटात डांबरगोळ्यांत राहिला. "तेव्हाच माझाही काढून ठेवला असतात तर," एवढं पद्मा म्हणाली आणि पुढे गेली. तिची ही पद्धत आहे, चूक दाखवते पण गुण कापल्याचं सांगत नाही.

तिचे कागद काढून मी ओळीने टेबलावर मांडले, आणि माझ्या लक्षात आलं की या टेबलावर दोन बायका आहेत. जन्मदाखला, शाळा सोडल्याचा दाखला, बी.ए., बी.एड. या सगळ्यांवर कुमारी ऊर्मिला केशव गणपुले. आधार, पॅन, रेशनकार्ड, बँक, पेन्शन यांवर सौ. पद्मा खांबेटे. दोघींना जोडणारा एकही कागद नाही.

नाव कसं बदललं हे सांगायला हवं. आमच्याकडे लग्नाच्या दिवशी मांडवातच लक्ष्मीपूजनाला ताटात तांदूळ पसरतात आणि नवरा अंगठीने त्यात नवरीचं नवं नाव लिहितो. नाव आईने ठरवलं होतं. ती म्हणाली, ऊर्मिला नको रे बाबा, त्या रामायणातल्या बिचारीला नवरा चौदा वर्षं घरीच ठेवून निघून गेला. पद्मा ठेव, लक्ष्मी घरात टिकते. मी तांदळात पद्मा लिहिलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, पेढे वाटले. एवढंच. या गोष्टीकडे मी पुन्हा कधी वळून पाहिलं नव्हतं.

आता दोघींना जोडायला विवाह नोंदणीचा दाखला लागणार होता, आणि इथे मला एक कबुली देणं भाग आहे. ग्रामसेवक हाच गावातल्या लग्नांचा निबंधक असतो. मी पस्तीस वर्षांत अकराशे सात लग्नं नोंदवली. माझं नोंदवलेलं नाही. आज करू, उद्या करू, कार्यालय काय आपलंच आहे. हे ऐकून अनुया फोनवर इतकी हसली की अजेयने तिच्या हातातून फोन घेतला. मी त्याला म्हटलं, यात हसण्यासारखं काय आहे. तो म्हणाला, काही नाही बाबा, आणि मग तोही हसला.

मी इस्त्रीचा शर्ट घालून ग्रामपंचायतीत गेलो. शेवटची सहा वर्षं मी ज्या खुर्चीत बसलो, त्या खुर्चीत आता तेजस्वी म्हणून मुलगी आहे. पद्माची विद्यार्थिनी, आणि नोकरीला लागल्यावर काम शिकली माझ्याकडे. म्हणजे हे कार्यालय सगळ्या बाजूंनी घरचं. तिने उठून खुर्ची दिली, चहा मागवला, विषय ऐकला आणि अत्यंत आदराने भिंतीकडे बोट केलं. तिथे एक पाटी होती. अक्षर माझं होतं.

'विवाह नोंदणीसाठी: १) मूळ लग्नपत्रिका २) विधीचा फोटो, वधू-वरांचे चेहरे स्पष्ट ३) विवाहास हजर असलेले तीन साक्षीदार ४) लग्न लावणाऱ्या गुरुजींची सही. अपूर्ण अर्ज स्वीकारला जाणार नाही. सबबी सांगू नयेत.'

शेवटचं वाक्य मी लाल शाईने लिहिलं होतं. मी तेजस्वीला म्हटलं, अगं, तू तर आम्हाला लहानपणापासून बघतेस, आम्ही नवरा-बायको आहोत हे काय तुला सांगायला हवं. ती म्हणाली, "भाऊकाका, तुम्हीच शिकवलंत मला. ओळखीच्या माणसाचा अर्ज दोनदा तपासायचा."

वाक्य माझंच होतं आणि चांगलं होतं. मी चहा न पिता उठलो.

पत्रिका मिळाली, आईच्या पोथीत खूण म्हणून होती. फोटोंनी मात्र दगा दिला. फोटो काढले होते माझ्या मामाने आणि मामाचा जीव पंगतीत. बावीस फोटोंपैकी सतरा जिलबीचे. उरलेल्या पाचांत मुंडावळ्यांमुळे मी कोण हे मलाच ओळखेना. एका फोटोत मात्र दोघांचे चेहरे स्वच्छ होते, पण तो विधीचा नव्हता, मचव्यातला होता. पद्माचं माहेर श्रीवर्धनचं. लग्न लावून आम्ही दिघीला आलो आणि खाडी ओलांडली ती हरेश्वरच्या बापाच्या शिडाच्या मचव्यातून. तेव्हा हरेश्वर माझ्यासारखाच पंचविशीतला, दोरीवर होता. फोटोत पद्मा डोलकाठीला धरून उभी आहे, पदर सुटून उडतोय आणि ती तोंड उघडून हसते आहे. मी खाली, मचव्याच्या कडेवर वाकलेलो. का वाकलेलो ते सांगायला नको. मुंडावळ्यांसकट.

"त्या दिवशी मी म्हटलं होतं, पुन्हा एकदा असं जाऊ या," पद्मा फोटो बघत म्हणाली. "तुम्ही म्हणालात, पुढच्या वर्षी."

मला आठवत नव्हतं. पण मी म्हटलं असणार, कारण ते वाक्य मी कार्यालयातही रोज वापरायचो. तेजस्वीने तो फोटो पाहिला, बराच वेळ ओठ दाबून धरले आणि 'वराचा चेहरा ओकारीसदृश, पण स्पष्ट' अशा अर्थाचं काहीतरी मनाशी ठरवून तो स्वीकारला. साक्षीदार म्हणून हरेश्वर आला, सही करताना म्हणाला की लग्न मी पाह्यलं न्हाय पन नवरी आमीच आनली. ते विधानही तिने तसंच्या तसं लिहून घेतलं. उरलेले दोघे नातेवाइकांतले होते, त्यांच्याबद्दल न बोललेलं बरं.

राहिले गुरुजी. लग्न लावणारे श्रीवर्धनचे गुरुजी आता मुलाकडे पालीला असतात, वय सत्याऐंशी. आम्ही पहाटेच्या एसटीने निघालो, बल्लाळेश्वराचं दर्शन घेतलं आणि त्यांच्या घरी पोचलो. गुरुजी ओटीवर आरामखुर्चीत होते. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि सही करायला साफ नकार दिला. म्हणाले, त्या वराला केस होते.

मी टोपी काढून ठेवली, घातली, बाजूने चेहरा दाखवला, गोत्र सांगितलं, मंगलाष्टकं कोणी म्हटली ते सांगितलं. काही उपयोग होईना. माझ्यासमोर पस्तीस वर्षं लोक असेच अजीजीने उभे राहायचे, ते सगळे मला त्या ओटीवर एकामागून एक आठवले. मग त्यांची नजर पद्माकडे गेली आणि म्हातारा एकदम सरळ बसला.

"ही ती," ते म्हणाले. "हिला मी कशी विसरेन? अरे, हजारभर लग्नं लावली, पण ताटातले तांदूळ पुसणारी ही एकच."

मी म्हटलं, कसले तांदूळ. तर ते सांगू लागले. मी अंगठीने नाव लिहिलं आणि सगळे पेढ्यांकडे वळले, तेव्हा या मुलीने हळूच तळहात फिरवून नाव पुसून टाकलं. गुरुजींनी ते बघितलं. त्यांना वाटलं, ताट हललं असेल, म्हणून त्यांनी मला पुन्हा लिहायला लावलं. तिने पुन्हा पुसलं. तिसऱ्यांदा माझ्या आईने लिहिलं, तेव्हा ती थांबली. गुरुजींनी हे सगळं जिलबीचा पाक कसा होता याच्यासकट सांगितलं आणि सही केली.

परतीच्या एसटीत मी खिडकीकडे होतो. दुसऱ्यांदा लिहिल्याचं मला आता आठवलं. मला वाटलं होतं, तांदूळ ओले असतील. पद्मा डुलक्या घेत असल्यासारखी होती, पण ती झोपलेली नव्हती हे मला माहीत होतं. पेणपर्यंत मी तिला विचारायचं ठरवत होतो आणि पेणला मी भजी आणायला उतरलो.

विवाहाचा दाखला झाला. माझ्या हिशेबाने एक हजार एकशे आठवं लग्न. तेजस्वीने पेढा दिला आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं, पण ते मी चष्म्यावर ढकललं. आता एकच पायरी राहिली होती. पहिलं नावच बदललेलं असल्यामुळे ते सरकारी राजपत्रात जाहीर करायचं, ते छापून आलं की तातडीने पासपोर्ट काढायचा. जुलैची पाच तारीख होती. मी हिशेब बसवला, एकोणतीसला नंबर हातात येत होता.

अलिबागला अर्ज भरून देणाऱ्या दुकानात पद्मानेच फॉर्म भरला, अक्षर तिचं चांगलं. मी नजर टाकली. जुने नाव, या रकान्यात तिने लिहिलं होतं पद्मा खांबेटे. नवीन नाव, या रकान्यात ऊर्मिला केशव गणपुले.

मी म्हटलं, "अगं, रकाने उलटे भरलेस."

"उलटे नाही भरले," ती म्हणाली.

दुकानात चार माणसं होती, म्हणून मी तिला बाहेर नेलं. रस्त्यावर उन्हात उभं राहून मी तिला समजावलं, ग्रामसेवकाच्या आवाजात. हे नाव केलंस तर आधार बदलावं लागेल, पॅन बदलावं लागेल, बँक, पेन्शन, विमा, सगळं. मग पासपोर्ट. ऑक्टोबर उजाडेल. एकतीस जुलै गेली की जहाज गेलं. आणि शाळेच्या पटांगणात मी माइकवरून बोललो आहे, सगळ्या गावासमोर. माझी काय अब्रू राहील.

तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "त्या दिवशी मला कोणी विचारलं नव्हतं. आज पहिल्यांदा कागदावर कोणीतरी विचारतंय, नाव काय. त्याला मी खोटं सांगू?"

मी म्हटलं, मग बेटं?

"ती ज्वालामुखीची बेटं आहेत," ती म्हणाली. "लाखो वर्षं तिथेच आहेत. कुठे जात नाहीत."

मला फार वाईट वाटलं, आणि नुसतं जहाजाचं नाही. मी ठेवलेलं नाव, इतकी वर्षं मी हाक मारलेलं, आणि ती ते एखाद्या बदलीच्या गावासारखं सोडून चालली होती. मी दोन दिवस तिच्याशी कामापुरतंच बोललो. तिसऱ्या दिवशी आईचं वाक्य आठवलं. ऊर्मिला नको, तिला नवऱ्याने चौदा वर्षं घरी ठेवलं. मी बोटांवर मोजलं. त्याने चौदा ठेवलं होतं. मी चौतीस. नाव बदलूनही मी लक्ष्मणाला वीस वर्षांनी मागे टाकलं होतं. मग मी मुकाट्याने उठलो आणि आधारच्या रांगेत नंबर लावला.

एकतीस जुलै आली आणि गेली. कंपनीचं नम्र पत्र आलं की आमचा आठवडा दुसऱ्या कुटुंबाने घेतला आहे, आणि कोकम सरबताची कृती आचाऱ्याने जपून ठेवली आहे. अनुयाने आगाऊ भरलेले पैसे परत आणले आणि पुढच्या हंगामाचं बघू म्हणाली. गावात मला आता सगळे 'काय कप्तान' म्हणू लागले. मास्तर तर सायकलवरून उतरून म्हणायचे. मी ऐकून घेत होतो, पण फळ्यावर न बघता काढलेली ती बेटांची रांग काही डोळ्यांपुढून हलेना.

शेवटी मीच हरेश्वरकडे गेलो आणि त्याला म्हटलं, तुझ्या बापाचं शीड आहे का अजून. तो म्हणाला, हाय, पन नीरा त्याच्यावर सुकट वालवते.

दसरा झाला, समुद्र निवळला. हरेश्वरने त्याच्या इंजिनाच्या बोटीवर बांबूची डोलकाठी बांधली आणि जुनं शीड चढवलं. शिडाला तीस वर्षांच्या सुकटीचा वास होता. कप्तान हरेश्वर, आचारी नीराबाई, प्रवासी दोन. कोकम सरबत होतं, तांदळाची भाकरी होती आणि पाहुण्यांसाठी म्हणून तळलेली सुरमई होती. पाहुणे कोणी नव्हते, तरी संपली. नीराबाईने निघताना समुद्राला नारळ दिला, आमच्याच वाडीतला, शेंडीसकट.

इंजिन बंद करून शीड फुगलं तेव्हा पद्मा उठली आणि डोलकाठीला धरून उभी राहिली. मी खाली, कडेवर वाकलेलो. सुश्रुतच्या चारही बाटल्या आणि नीराबाईचा आलेपाक, सगळं समुद्राला मिळालं होतं. लांब पाण्यात कासा किल्ला दिसत होता. त्याला पद्मदुर्गही म्हणतात, पण आज ते नाव काढायचं नाही एवढं मला कळत होतं.

तेवढ्यात माझा फोन वाजला. आमचा पोस्टमन दिपेश. पासपोर्टच्या फॉर्मवर नंबर माझा दिला होता. तो म्हणाला, "भाऊ, एक पासपोर्ट आलाय, ज्याचा त्यालाच द्यायचा असतो. पत्ता तुमचा हाय, पन मी अकरा वर्षं इथे टपाल वाटतो, हे नाव कधी वाचलं न्हाय. ऊर्मिला गणपुले कोन पाहुण्या आल्यात का तुमच्याकडे? की परत पाठवू?"

मी तोंड पुसलं. हरेश्वर आणि नीराबाई माझ्याकडे बघत होते.

"परत पाठवू नकोस," मी म्हटलं. "पाहुणी नाही ती. इथंच राहते. चौतीस वर्षं झाली."

मग मी डोलकाठीकडे वळून हाक मारली. "ऊर्मिला."

तिने मागे पाहिलं नाही. बिचारीची सवय मोडली होती. मी पुन्हा मारली, जरा मोठ्याने, आणि तेव्हा ती सावकाश वळली. फोटोतल्यासारखंच तिचं तोंड उघडं होतं आणि पदर उडत होता. मी फोन पुढे केला. तिने तो कानाला लावला, पोस्टमनचं सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाली, "हो, मीच. उद्या सकाळी आणून द्या. आज मी बाहेरगावी आहे."